आकार लहान, अपेक्षा लहान नकोत

उन्हाळा तोंडावर आला की छोट्या डेस्कटॉपबद्दलचे दोन प्रश्न कानावर येऊ लागतात. तळहातावर मावणारा हा डबा आपल्याकडच्या उन्हात तग धरेल का? आणि आज हात आखडता घेऊन कमी रॅमचा घेतला, तर दोन वर्षांनी ती वाढवता येईल का? पहिल्या प्रश्नाला दुकानात ‘काही होत नाही’ असं उत्तर मिळतं, दुसऱ्याला ‘तेव्हाचं तेव्हा बघू’. दोन्ही उत्तरांत तोटा ग्राहकाचा आहे. आणि दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे: डब्यात मोकळी जागा किती ठेवायची, हे कोण ठरवतं आणि कोणाच्या सोयीसाठी ठरवतं.

आधी उष्णतेचं गणित पाहू. संगणक जितकी वीज घेतो, तितकी जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. डबा लहान केला म्हणून ही उष्णता कमी होत नाही; तिला बाहेर पडायच्या वाटा तेवढ्या कमी होतात. घनाकृती डब्याची बाजू निम्मी केली, तर त्याचा पृष्ठभाग चौथाईवर येतो. पंखाही लहान बसवावा लागतो, आणि लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणून आवाज वाढतो. तेवढ्याने भागलं नाही, तर प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणजे मशीन जळत नाही, मंदावतं. लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लावला की पहिली काही मिनिटं काम झपाट्याने होतं आणि मग रेंगाळतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आपल्याकडे या गणितात आणखी एक आकडा मिसळतो. पंखा आणि हीटसिंक चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. हवेच्या तापमानावर ठरावीक अंशांची भर पडतेच. सारख्याच कामाला खोली २० अंशांनी तापलेली असेल, तर चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. ॲपलने मॅक मिनीसाठी खोलीचं तापमान १० ते ३५ अंश सांगितलं आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५च्या घरात जातो आणि पत्र्याखालच्या झेरॉक्सच्या दुकानात दुपारी ३५ अंश ही चैन असते. यूट्यूबवरची परीक्षणं वातानुकूलित खोलीत होतात. तिथे ‘गरम होत नाही’ म्हणून पास झालेलं मशीन चंद्रपूरच्या दुपारी पास होईलच असं नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक जुना ठोकताळा आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. उष्णतेचा फटका आज वेगाला बसतो आणि उद्या आयुष्याला.

आता उत्पादकांनी या अडचणीचं काय केलं ते पाहू. जुलै २०००मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी-४ क्यूब जाहीर केला. आठ इंचांचा घन, आणि पंखाच नाही. गरम हवा खालून वर आपोआप निघून जाईल अशी रचना. दिसायला तो इतका देखणा होता की न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयाने तो आपल्या संग्रहात घेतला. बाजारात मात्र तो वर्षभरच टिकला. जुलै २००१मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं गेलं. पण त्या क्यूबची एक गोष्ट आज आठवायला हवी. तो उलटा करून मूठ ओढली की आतला सगळा गाभा हातात यायचा. रॅम वाढवता यायची. हौशी मंडळींनी त्यात जास्त वेगाची प्रोसेसर कार्डं बसवली आणि वाढलेल्या उष्णतेसाठी तळाशी पंखाही बसवून घेतला. म्हणजे उष्णतेच्या बाबतीत उत्पादकाने धरलेला हट्ट वापरणाऱ्याला सुधारता आला, कारण दार उघडं होतं.

मॅक मिनीचा वीस वर्षांचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. जानेवारी २००५च्या पहिल्या मिनीचं झाकण पातळ पट्टी घालून उचकटावं लागायचं, पण आत गेलं की रॅम बदलता यायची. २००६च्या इंटेल मिनीत तर प्रोसेसरही सॉकेटमध्ये होता. लोकांनी कोअर सोलो काढून कोअर टू ड्युओ बसवले. २०१०मध्ये तळाला हाताने फिरवून उघडणारं गोल झाकण आलं. २०१४मध्ये रॅम थेट बोर्डावर सोल्डर झाली. २०१८मध्ये ती पुन्हा स्लॉटवर आली, ६४ जीबीपर्यंत वाढवता येण्याजोगी. पण एसएसडी मात्र पक्की. २०२०मध्ये ॲपलची स्वतःची एम-१ चिप आली आणि रॅम चिपच्याच पॅकेजवर जाऊन बसली. वाढवण्याचा प्रश्नच मिटला.

या काळातले विजेचे आकडे ॲपलने स्वतः दिले आहेत आणि ते बोलके आहेत. २०१८चा सहा कोअरचा मिनी पूर्ण भारावर १२२ वॉट घ्यायचा. त्याच आकाराच्या डब्यातला एम-१ फक्त ३९. उष्णता एकतृतीयांशावर आली. हे फार मोठं अभियांत्रिकी यश होतं आणि त्याचं मनापासून कौतुक करायला हवं. त्या डब्यात आता जागाही होती आणि गारवाही. मग २०२४ साली काय झालं? डबा सुमारे १.४ लिटरवरून ०.८ लिटरवर आणला गेला आणि त्याच डब्यात पूर्ण भारावर १४० वॉट घेणारा एम-४ प्रो बसवला गेला. साध्या एम-४चा आकडाही ६५ वॉट आहे. चिपने वाचवलेली उष्णता वापरणाऱ्याच्या पदरात पडायला हवी होती: शांत पंखा, गरम खोलीत टिकण्याची ताकद, एखादा मोकळा स्लॉट. ती सगळी डबा आणखी लहान करण्यात खर्ची पडली. टेबलावर मॉनिटर, कीबोर्ड आणि स्पीकर असताना डब्याच्या कडा सात सेंटिमीटरने घटल्या, यात घरातल्या किंवा दुकानातल्या माणसाचा नेमका काय फायदा झाला, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

हा प्रश्न एका कंपनीपुरता नाही. इंटेलच्या एनयूसीने चार बाय चार इंचांच्या बोर्डावर पुरा संगणक बसवून दाखवला, आणि त्यात रॅमचे दोन स्लॉट व एम-डॉट-टू एसएसडीची जागा ठेवली. जुलै २०२३मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतलं. ते काम आसुसकडे गेलं. लेनोव्होचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी हे साधारण एक लिटरचे ऑफिसातले डबे याच घराण्यातले. यांतल्या बऱ्याच मॉडेलांत नावाच्या शेवटी ‘टी’ असलेले ३५ वॉटचे प्रोसेसर असतात. कंपन्यांच्या वापरातून सुटलेले हे डबे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि इतर शहरांच्या जुन्या मालाच्या बाजारात मिळतात. कमी बजेटच्या विद्यार्थ्याला, टायपिंगच्या दुकानाला, शाळेच्या लॅबला मी आजही तेच सुचवतो. स्क्रू काढला की रॅम समोर, एसएसडी समोर, पंखा समोर. वर्षातून एकदा धूळ झटकायची, सुकलेली थर्मल पेस्ट बदलायची, की मशीन पुन्हा कामाला तयार.

रॅम सोल्डर करण्यामागे मात्र खरं कारण आहे, ते मान्य केलं पाहिजे. मेमरी प्रोसेसरच्या जितकी जवळ, तितका संदेश कमी विजेत आणि जास्त वेगाने पोचतो. नेहमीच्या दोन स्लॉटवरची डीडीआर-५ ५६०० रॅम सेकंदाला सुमारे ९० गिगाबाइट माहिती देते. एम-४ प्रोमध्ये हा आकडा २७३ आहे. फ्रेमवर्क ही कंपनी तर दुरुस्त करता येणाऱ्या लॅपटॉपसाठीच ओळखली जाते. तिने २०२५मध्ये साडेचार लिटरचा डेस्कटॉप आणला, तेव्हा तिलाही रॅम सोल्डर करावी लागली. एएमडीच्या अभियंत्यांसोबत सुटी मेमरी बसवण्याची शक्यता तपासली, पण तेवढ्या रुंद आणि वेगवान जोडणीत संदेश शुद्ध राहत नव्हता, असं कंपनीने उघडपणे सांगितलं. पण त्याच डब्यात एसएसडीचे दोन स्लॉट तिने ठेवलेच. जिथे भौतिकशास्त्र आडवं आलं तिथे ते सांगायचं, आणि जिथे ते आडवं येत नाही तिथे दार उघडं ठेवायचं, हाच प्रामाणिकपणा मला सगळ्यांकडून हवा आहे.

कारण एसएसडी पक्की करायला असं कोणतंही कारण नाही. एसएसडी लिहून लिहून झिजते. संगणकातला तो एक भाग तरी बदलता यायलाच हवा. एम-४ मिनीत साठवण वेगळ्या पट्टीवर आहे खरी, पण ती बाजारातली नेहमीची एसएसडी नव्हे. तिचा कंट्रोलर मुख्य चिपमध्ये आहे, आणि पट्टी बदलली तर दुसरा मॅक जोडून यंत्रणा पुन्हा भरावी लागते. हा मिनी भारतात आला तेव्हा मूळ किंमत ५९,९०० रुपये होती, आणि २५६ जीबीऐवजी ५१२ जीबी हवी असेल तर ७९,९०० रुपये. म्हणजे २५६ जीबी जादा मिळवायला संगणकाच्या किमतीचा एकतृतीयांश भाग. दार बंद असलं की किंमत ठरवायला स्पर्धा उरत नाही, एवढाच याचा अर्थ.

‘रॅम पुढे स्वस्त झाली की टाकू’ हा आपला जुना हिशेबही आता डळमळला आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की २०२५च्या अखेरीस भाव चढले, आणि त्या डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रूशल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आशेला जागा आहे ती कॅम-टू या नव्या मानकात. जेडेक या संस्थेने ते डिसेंबर २०२३मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात मेमरीची सपाट पट्टी स्क्रूने बोर्डावर घट्ट बसते. त्यामुळे वेगही मिळतो आणि पुढे ती बदलताही येते. काही लॅपटॉपमध्ये ती आली आहे. छोट्या डेस्कटॉपमध्ये ती यावी, यासाठी ग्राहकांनी आग्रह धरायला हवा.

आग्रहाला कायद्याचं बळ लागतं. फ्रान्सने जानेवारी २०२१पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण दाखवणं सक्तीचं केलं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टल सुरू केलं, आणि मे २०२५मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल त्या विभागाला मिळाला. या निर्देशांकात डेस्कटॉप स्पष्टपणे हवा. आणि भारतासाठी त्यात आणखी एक रकाना हवा: खोली ४० अंशांवर असताना मशीन अर्धा तास पूर्ण भारावर चालवल्यावर किती वेग टिकवतं. ही चाचणी महागडी नाही. फ्रिज आणि एसी विकताना आपण ताऱ्यांची पट्टी मागतो. संगणकासाठी एवढी एक ओळ मागणं जास्त नाही.

तोवर घेणाऱ्याने स्वतःची काळजी घ्यावी. रॅम सोल्डर केलेली असेल तर आजची नव्हे, पाच वर्षांनंतरची गरज धरून घ्या; पैसे कमी पडले तर प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, रॅम नको. साठवण अंगची कमी घेतली तरी बाहेरून वेगवान एसएसडी जोडता येते. डबा कापडावर, फायलींच्या चळतीत किंवा बंद कपाटात ठेवू नका. एम-४ मिनी तर तळातूनच हवा घेतो आणि तळातूनच सोडतो. चालू संगणकावर धुळीसाठीचं कव्हर नको. विदर्भात कूलर लावत असाल तर त्याचा ओलसर झोत थेट संगणकावर येऊ देऊ नका. विंडोजच्या अनेक छोट्या मशीनमध्ये बायोसमधून विजेची कमाल मर्यादा उतरवता येते; उन्हाळ्यापुरती ती थोडी खाली आणली, तर वेग किंचित उतरतो आणि उष्णता बरीच.

आणि खरेदीआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: रॅम स्लॉटवर आहे का, एसएसडी नेहमीची बसते का, पंखा साफ करायला झाकण कसं उघडतं. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं मॉडेल बघा. ज्याचं झाकण मालकाला उघडता येत नाही, असा संगणक कितीही देखणा असला, तरी त्यावर घरातली पाच वर्षांची बचत लावू नका.