सांत्वनाला जाताना

मैत्रिणींनो, गावातला मोठा माणूस गेला की काय होतं, ते आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. बाजारपेठ बंद होते. चौकात हार घातलेला फोटो लागतो. दुसऱ्या दिवशी पेपरात श्रद्धांजलीच्या जाहिराती येतात. शोकसभेत एकामागून एक वक्ते उठतात आणि समाजाची कधीही भरून न निघणारी हानी झाली, असं सांगतात. आणि आतल्या खोलीत भिंतीला टेकून एक बाई बसलेली असते. खरी हानी तिची झालेली असते.

आपल्या जिल्ह्यातल्या अशाच एका घरी मी काही वर्षांपूर्वी गेले होते. बायका येत होत्या, तिच्या गळ्यात पडत होत्या. ‘देवमाणूस होते हो!’, ‘आता तुमचं कसं होईल वो बाई?’, ‘नशिबानं दगा दिला.’ एकीनं ‘शेवटी काही बोलले का?’ असं विचारलं आणि त्या माउलीला ती सगळी रात्र पुन्हा सांगावी लागली. माझ्यासमोरच तिसऱ्यांदा. मीही काही वेगळं केलं नाही. हात धरला, ‘धीर धरा’ म्हटलं आणि उठले.

महिन्या-दीड महिन्यानं ती भेटली तेव्हा म्हणाली, ‘ताई, तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चौदाव्या दिवसापासून दारात कुणी नाही.’ मी काय बोलणार? त्या न येणाऱ्यांत मीही होतेच.

अशा वेळी मला आपल्या वर्ध्यातलीच एक जुनी घटना आठवते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी बजाज अचानक गेले. वय अवघं ५२. केवढा मोठा माणूस! गांधीजींना वर्ध्याला आणणारे, १९२८ साली आपलं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं करणारे, काँग्रेसचे खजिनदार. गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानत. निरोप मिळताच बापू सेवाग्रामहून तातडीनं आले. म्हणजे सांत्वनाला आलेला माणूस स्वतःच मुलगा गमावलेला बाप होता.

जानकीदेवी तेव्हा ४९ वर्षांच्या होत्या. आठव्या वर्षी लग्न होऊन या घरात आलेल्या. नवऱ्याबरोबर त्यांनी पडदा सोडला, अंगावरचं सोनं उतरवलं, विदेशी कपड्यांची होळी केली, सूत कातलं, सभांतून भाषणं केली. पण त्या दिवशी एवढी धीराची बाईही कोसळली. मला यांच्याबरोबरच जाऊ द्या, मी सती जाते, असं त्या म्हणू लागल्या.

आपण तिथे असतो तर काय म्हणालो असतो? ‘असं बोलू नये, मुलांकडे पाहा.’ बापूंनी त्यांना जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा, की देह जाळण्यात काही सतीपण नाही. जमनालालजींचं जे काम अर्धं राहिलं आहे ते हाती घे, त्यात स्वतःला वाहून टाक, तेच खरं सतीपण. जमनालालजी शेवटचे काही महिने गोपुरीत झोपडीत राहून गोसेवेचं काम करत होते. जानकीदेवींनी आपल्या नावावरची संपत्ती त्या कामाला दिली आणि गोसेवा संघाची जबाबदारी घेतली. पुढे विनोबांच्या भूदानात आणि कूपदानात त्या हिंडल्या. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. १९७९ साली त्या गेल्या, म्हणजे नवऱ्यामागे ३७ वर्षं जगल्या. नुसत्या जगल्या नाहीत, काम करत राहिल्या. आपल्या पोरी ज्या ‘जे. बी. सायन्स’ला शिकायला जातात, त्यातलं ‘जे. बी.’ म्हणजे जानकीदेवी बजाज, हे किती जणींना ठाऊक आहे?

ही गोष्ट सांगण्यामागे, सगळ्या विधवांनी समाजसेवा करावी, असं म्हणायचं नाही. प्रत्येकीच्या दारी बापू येत नाहीत आणि प्रत्येकीच्या नावावर संपत्तीही नसते. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या दिवशी तिच्याशी जे बोललं गेलं ते गेलेल्या माणसाच्या मोठेपणाबद्दल नव्हतं. ते तिच्या उद्याबद्दल होतं. आपण मात्र सांत्वनाला जातो आणि तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवतो, की तुझं सगळं संपलं.

नुसतं ऐकवत नाही, करूनही दाखवतो. कुंकू पुसतो, बांगड्या फोडतो, मंगळसूत्र तोडतो. आणि हे करणाऱ्या हातांत बहुतेक हात बायकांचेच असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून हा आदर्श सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. पण ठराव भिंतीवर लागतो, बांगडी घरात फुटते. तिथे त्या क्षणी एखादी जाऊबाई, एखादी नणंद ‘राहू द्या ना, कशाला?’ एवढं म्हणाली, तरी पुष्कळ होतं.

आणि मोठ्या माणसाच्या घरापाशीच थांबून कसं चालेल? आपला जिल्हा कापसाचा. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या बायका आपल्या गावागावांत आहेत. त्यांच्या दारी पुढारी फोटोपुरते जातात. शासनानं २००६ साली ठरवलेल्या एक लाखाच्या मदतीसाठी आधी तिच्या नवऱ्याचं मरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समितीत ठरतं. या शब्दांनी तिला काय वाटत असेल? तिच्यासाठी कुठं शोकसभा नसते. म्हणून तिथे आपण गेलंच पाहिजे.

मग जाऊन करायचं काय? पहिल्या दिवसांत काही नाही. जवळ बसा. ‘काय झालं, कसं झालं’ विचारू नका. तिला रडू द्या, गप्प बसायचं असेल तर बसू द्या. दोन घास पोटात गेले का, एवढं बघा. घरून भाकरी-भाजीचा डबा न्या. पोरांची शाळा बुडत असेल तर आपल्या पोरांबरोबर त्यांना धाडा.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. याच तेरा दिवसांत कुणी कागद पुढे करतं, ‘वहिनी, इथे सही करा, बाकीचं आम्ही बघतो.’ वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. त्यात हक्कसोड असू शकतं. हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्यानं मृत्युपत्र केलं नसेल तर त्याच्या मिळकतीत बायकोचा मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीनं वाटा आहे. तो कुणाच्या मेहेरबानीवर नाही.

आणि चौदाव्या दिवशी जा. खरी भेट ती. तेव्हा बोलणं कामाचं असावं. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती काढल्या का? तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला का, सातबारावर तिचं नाव चढलं का? बँकेत आणि विम्यात वारस म्हणून कुणाचं नाव आहे? घर दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही तहसीलमध्येच होतो. एकटीला तहसीलची पायरी चढायला धास्ती वाटते. सोबत गेलं तर बळ येतं.

संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला बोलवा. ती येईल, न येईल, तो तिचा प्रश्न. बोलावणं मात्र गेलं पाहिजे.

माझी ती चूक मी पुढे सुधारली. आता कुणाकडे सांत्वनाला गेले की निघताना ‘धीर धरा’ म्हणत नाही. ‘मी पुढच्या मंगळवारी येते, बँकेत जाऊ’ असं म्हणते. आणि मंगळवारी जाते.