जंत कुणी कुणाला दिला?

१६२७ साली पोलंडमधल्या याक्तोरुफच्या जंगलात एक गाय मेली आणि ऑरॉक ही रानगुरांची जात संपली. या जातीचे बैल खांद्यापाशी पुरुषभर उंच असत. राजाने त्यांच्यासाठी रखवालदार नेमले होते, तरी १५६४च्या मोजणीतली ३८ जनावरे पुढच्या चार दशकांत चारवर आली. मूळ जनावर गेले. त्याच्या पाळीव वंशजांच्या मांसातून माणसात येणारा पट्टकृमी मात्र टिकून आहे.

गाईच्या पोटाचे चार कप्पे. आपल्याला न पचणारा चारा तिथले सूक्ष्मजीव आंबवतात, म्हणून रानातल्या गवताचे दूध होते. याउलट पट्टकृमीला तोंड नाही, आतडे नाही. चार चूषकांनी तो माणसाच्या आतड्याला चिकटतो, पचलेले अन्न अंगानेच शोषतो आणि चार-पाच मीटर, कधी त्याच्या दुपटीहूनही जास्त वाढतो. टोकाचे पिकलेले खंड शौचावाटे बाहेर पडतात. एकेकात लाखाच्या घरात अंडी असू शकतात. ती चाऱ्याबरोबर गुराच्या पोटात गेली की अळी स्नायूत जाऊन बसते आणि वाटाण्यापेक्षा लहान, पांढुरकी पुटी धरते. हे चक्र लॉयकार्ट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८६१च्या सुमारास वासराला अंडी चारून सिद्ध केले.

तेव्हापासून गुरांनी आपल्याला जंत दिला, असेच मानले गेले. गुरे पाळली तेव्हा हा रोग मागे लागला, ही समजूतही त्यातलीच. २००१मध्ये परजीवीशास्त्रज्ञ एरिक होबर्ग आणि सहकाऱ्यांनी पट्टकृमींची वंशावळ मांडली आणि ही समजूत उलटी ठरली. या कृमीचा जवळचा नातलग सिंहाच्या आतड्यात सापडतो. आफ्रिकेच्या माळावर आपले पूर्वज हरणवर्गातली जनावरे खाऊ लागले, तेव्हाच हा जंत त्यांच्यात शिरला असावा. माणसात आढळणाऱ्या पट्टकृमीच्या दोन जवळच्या जाती एकमेकींपासून फुटल्या त्या सुमारे आठ ते सतरा लाख वर्षांपूर्वी. गुरे पाळायला लागून जेमतेम दहा हजार वर्षे झाली. म्हणजे गोठ्यात जंत आपणच नेला.

माझ्या मते या शोधाने जबाबदारीच बदलते. हा कृमी प्रौढ होतो तो केवळ माणसात. गाय त्याची अंडी घालत नाही. तरी कत्तलखान्यात तपासनीस जबड्याचा स्नायू चिरतो, पुट्या फार निघाल्या तर सगळे मांस बाद होते आणि फटका बसतो पशुपालकाला. कुरणाकाठी उघड्यावर शौचाला बसावे लागणारा मजूर आणि चाऱ्याच्या शेतात प्रक्रियेविना सोडलेले गावचे सांडपाणी यांची नोंद त्या तपासणीत कुठेच नसते. बाधित माणसाला प्राझिक्वांटेल या औषधाची एक मात्रा सहसा पुरते. ती मात्रा आणि कुरणाजवळचे संडास यांचा खर्च पशुवैद्यकीय अंदाजपत्रकातच धरला पाहिजे.