जखमीसाठी पहिला हात आपल्या हॉटेलातून पुढे येऊ द्या

देवळाली प्रवरा आणि राहुरी फॅक्टरी परिसरातले सर्व हॉटेलचालक, ढाबेवाले, चहाच्या टपऱ्या चालवणारे, लॉज आणि मंगल कार्यालयांचे मालक, आचारी, वेटर आणि समस्त गावकरी मंडळींना हे आवाहन.

माझं सारं आयुष्य याच धंद्यात गेलं. आधी टपरी, मग खानावळ, पुढे लॉज, शेवटी मंगल कार्यालय. आता गल्ल्यावर मुलगा बसतो. गावाच्या कामातला हात मात्र सुटलेला नाही. सप्त्याच्या पंगती, शिर्डीला पायी निघालेल्या दिंड्यांचा चहा-नाष्टा, रक्तदान शिबिरं, ही सेवा तुम्हीही न सांगता करत आला आहात. आजचं मागणं वेगळं आहे. नगर-मनमाड रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या माणसासाठी ते आहे.

शिर्डीचे भाविक, शिंगणापूरकडे वळणाऱ्या गाड्या, कृषी विद्यापीठाची मुलं, दुधाचे टेम्पो आणि हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या, सगळं याच रस्त्यावर. रात्री अपघात झाला की आजूबाजूला अंधार असतो. उजेड असतो तो आपल्या हॉटेलात. पाणी, धुतलेले टॉवेल, लॉजच्या चादरी, चार धडधाकट पोरं, उभी गाडी, सगळं त्या घडीला आपल्याकडेच असतं. रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतची वेळ आपणच सांभाळू शकतो, आणि ती आपण सांभाळलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पोरं पुढे व्हायला कचरतात ती पोलिसांच्या झंझटीला भिऊन. ही भीती आता काढून टाका. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. त्याच्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावा, म्हणजे वेटरच्या रोज नजरेस पडेल.

शेजारीच 108 हा क्रमांक लिहा. 2014 पासून ही रुग्णवाहिका राज्यात मोफत धावते. फोनवर ठिकाण नेमकं सांगता आलं पाहिजे: कोणतं हॉटेल, कोणता फाटा, नगरकडे जाताना डावीकडे की उजवीकडे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ टॉवेलची घडी जखमेवर घट्ट दाबून धरायची, भिजली तरी उचलायची नाही, वरून दुसरी ठेवायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. आपल्याकडे प्रेमापोटी सगळ्यात आधी तेच केलं जातं, आणि पाणी श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरतो. मान-पाठ दुखावली असेल तर आगीचा किंवा वाहनांचा धोका नसताना ओढाओढ करायची नाही. एकाने टॉर्च घेऊन मागची वाहनं थांबवायची.

अपघात टळावा म्हणूनही एक काम आपल्या हातात आहे. ट्रॉलीला मागे दिवा नसला की भरधाव दुचाकीस्वाराला ती शेवटपर्यंत दिसत नाही. गल्ल्यावर लाल रिफ्लेक्टर पट्टीचं एक बंडल ठेवा. ड्रायव्हर चहा घेईपर्यंत ट्रॉलीच्या मागे पट्टी लावून होते. पैसे मागू नका.

अहिल्यादेवी आपल्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. वाटसरूंसाठी देशभर विहिरी आणि धर्मशाळा बांधणाऱ्या त्या माउलीचं नाव आज जिल्ह्याला आहे. वाटेवरचा परका माणूस हा आपलाच, ही शिकवण आपल्याला परकी नाही.

गावातल्या डॉक्टर मंडळींना विनंती, एक सकाळ आम्हाला द्या आणि हे सगळं हाताने करून दाखवा. जागा आणि नाष्टा माझ्याकडे. प्रत्येक हॉटेलने रात्रपाळीची किमान दोन पोरं पाठवावीत, त्या दिवसाचा पगार कापू नये. ज्या बहिणी खानावळी चालवतात त्यांनीही यावं. नावं या आठवड्यात कळवा. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत हे शिकून व्हायला हवं.