पोकलेनला पायघड्या

गेल्या मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी आमच्या हिनं मला नारळ, पाच फळं आणि विड्याची पानं आणायला ढोकाळीच्या नाक्यावर पाठवलं. जाऊन-येऊन अर्ध्या तासाचं काम. मी दोन तासांनी परत आलो तेव्हा कलश मांडून झाला होता, त्यावर शेजारणीकडून उसना आणलेला नारळ होता आणि घरातलं वातावरण व्रताला अजिबात शोभणारं नव्हतं.

"होतात कुठे इतका वेळ?"

"रस्त्यात पोकलेन चालत होता."

हे अक्षरशः खरं होतं. पण चाळीस वर्षांच्या संसाराचा माझा अनुभव असा आहे, की माझी थाप एखादवेळेस खपून जाते, खरं कधीच खपत नाही. म्हणून झाला प्रकार इथे सविस्तर लिहितो. छापून आलं म्हणजे निदान घरात तरी खरं मानतील.

पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, त्याच न्यायानं पट्ट्यांवर चालणाऱ्या, लांब हाताच्या कुठल्याही खोदयंत्राला आपल्याकडे पोकलेन म्हणतात. मग त्याच्या पाठीवर नाव जपानी असो की कोरियन. यातली नेहमी दिसणारी जात वीस टनांची. म्हणजे पाच हत्ती एकावर एक रचावेत तेवढं वजन, आणि पायात लोखंडी पट्टे. तो डांबरावरून चालला की डांबराचा पापड होतो. शिवाय रुंदी २.८ मीटरच्या आसपास, आणि आपल्या मोटार वाहन नियमांत साध्या वाहनाला रुंदीची मर्यादा २.६ मीटर. म्हणून या गृहस्थांनी रस्त्यानं पायी फिरू नये, एका कामावरून दुसऱ्या कामावर ट्रेलरवर बसून जावं, असा संकेत आहे. बुटका, लांबलचक ट्रेलर येतो, मागच्या दोन उतरत्या फळ्या खाली पडतात, पोकलेन आपल्याच पायांनी वर चढतो, हात दुमडून बकेट खाली टेकवतो. मग चार कोपऱ्यांना साखळदंड आवळायचे, बाहेर आलेल्या कडांना लाल फडकी किंवा दिवे लावायचे आणि रात्री, रस्ता रिकामा असताना निघायचं. इतकं साधं आहे.

आमच्या गुरुवारच्या पोकलेनला एका टॉवरच्या खड्ड्यातून निघून, कोलशेत रोड ओलांडून, तीनशे मीटरवरच्या दुसऱ्या टॉवरच्या खड्ड्यात जायचं होतं. तीनशे मीटरसाठी ट्रेलर कोण बोलावतो? मग टायर आले. ट्रकचे झिजलेले, पंधरा-वीस टायर. दोन पोरांनी ते रस्त्यावर दोन रांगांत आडवे मांडले, पोकलेन त्यांवरून दोन पावलं चालला, पोरांनी मागचे टायर उचलून पळत पुढे आणून मांडले, पोकलेन आणखी दोन पावलं चालला. मी लग्नात व्याह्यांना घातलेल्या पायघड्या पाहिल्या आहेत, पुढाऱ्यांना घातलेल्या तर पुष्कळच पाहिल्या आहेत. पण पाहुणा पुढे सरकला की त्याच्या मागची पायघडी काढून पुन्हा त्याच्याच पुढे टाकायची, हा काटकसरीचा प्रकार प्रथमच पाहिला. हे यंत्र जोरात निघालं तरी ताशी पाचेक किलोमीटर जातं. पायघड्यांवरून तर त्याची चाल नव्या नवरीची झाली होती. पोरांपैकी एक जण फार तर अठराचा असेल. टायर ओढण्यासाठी तो वीस टनांच्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर वाकत होता आणि चालकाला तो दिसत असेल असं मला तरी वाटलं नाही.

दोन्ही बाजूंना वाहनं तुंबली. टीएमटीची बस अडकली, शाळेची व्हॅन अडकली आणि मी रिक्षात अडकलो. तुम्ही म्हणाल, उतरून चालत का नाही गेलात? गेलो असतो, पण मीटर पडलेला होता, आणि इतके पैसे दिल्यावर अर्ध्यातून उतरणं माझ्या रक्तात नाही. या शेवटच्या वाक्याकडे जरा लक्ष ठेवा, पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

आता कोलशेतमध्येच ही यंत्रं एवढी का, हेही सांगायला हवं. एके काळी हा खाडीकाठचा आगरी-कोळ्यांचा गाव. मग कारखाने आले. मग कारखान्यांच्या जमिनीला कारखान्यापेक्षा जास्त किंमत आली. रंग-रसायनांच्या एका मोठ्या कंपनीनं इथली जमीन २०१४ साली हजार कोटींच्या वर रुपयांना विकली, आणि जिथे रंग व्हायचे तिथे तीस-तीस मजले झाले. पलीकडे घोडबंदर रोडला मेट्रोचे खांब, आणि मानपाड्याकडून बोरिवलीला डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या जोडबोगद्याचं भूमिपूजन २०२४ च्या जुलैत झालेलं. म्हणजे चहूबाजूंनी खोदकाम. एका खड्ड्यातलं संपलं की यंत्र दुसऱ्या खड्ड्याकडे निघतं. आणि माझं भांडण खड्ड्याशी नाही, या निघण्याशी आहे.

खड्ड्याला कायदे आहेत. दारात पाटी असते, 'सुरक्षा प्रथम' असं लिहिलेलं. पिवळं शिरस्त्राण घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. एकदा कुतूहलानं मी नुसता फाटकातून डोकावलो तर पहारेकरी ओरडला, "काका, हेल्मेट!" फार बरं वाटलं. पण तेच यंत्र फाटकाबाहेर पडलं, की कायदा फाटकापाशीच त्याला अच्छा करून मागे फिरतो. आतली माणसं म्हणतात, ते आमच्याकडून गेलं; पुढची म्हणतात, ते आमच्याकडे अजून पोचायचंय. मधला रस्ता कुणाचाच नाही. त्या रस्त्यावर आपण राहतो.

पुरावा हवा असेल तर आमच्या नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींना विचारा. पोकलेनला ट्रेलर तरी लागतो असं निदान तोंडानं म्हणतात. त्याचा धाकटा भाऊ जेसीबी रबरी चाकांचा, म्हणून स्वतःच हिंडतो. त्याला तशी मुभाही आहे. पण हिंडायची काही रीत आहे. मागचा खोदायचा हात दुमडून मधोमध आणायचा आणि खिळ घालून अडकवायचा, म्हणजे वळणावर तो झुलत नाही. पुढचं बकेट जमिनीपासून थोडंच वर ठेवायचं, म्हणजे समोरचं दिसतं. आणि या यंत्राला, ट्रॅक्टरला असतात तसे, डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. चिखलात जागच्या जागी वळायला ते उपयोगी. रस्त्यावर येताना मात्र दोन्ही पायटे पट्टीनं जोडायचे, नाहीतर घाईत एकाच पायट्यावर पाय पडला की सात-साडेसात टनांचं धूड एका बाजूला ओढलं जातं. एक खिळ आणि एक पट्टी. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नाक्यावर जेसीबी वळला, आणि खिळ न घातलेला त्याचा मागचा हात त्याच्या पाठोपाठ वळला, पण स्वतःच्या सवडीनं. मावशींची हातगाडी, छत्री, काटा आणि त्या दिवसाची सगळी मेथी रस्त्यावर आली. मावशी त्या क्षणी सुट्या पैशांसाठी पानवाल्याकडे गेल्या होत्या. सुट्या पैशांच्या टंचाईनं देशात कुणाचा जीव वाचल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण. मग भरपाईची गोष्ट निघाली. चालक म्हणाला मालकाला विचारा. मालक फोनवर म्हणाला, मशीन कंत्राटदाराकडे भाड्यानं आहे. कंत्राटदार म्हणाला, त्याचे तास दुपारी चारलाच संपले. पुढच्या कामावरचा मुकादम म्हणाला, "आमच्याकडे अजून आलंच नाही, तर आम्ही कसे जबाबदार?" अपघात सव्वासहाचा. म्हणजे चार ते साडेसहा या वेळात तो जेसीबी कायद्यानं अस्तित्वातच नव्हता, आणि मावशींची गाडी बहुधा भुतानं पाडली. शेवटी नाक्यावरच्यांनी वर्गणी काढून काटा घेऊन दिला.

ट्रॅक्टरचं तर विचारूच नका. हा जन्मानं शेतकरी. आमच्याकडे मात्र कॉम्प्रेसर पाठीवर घेऊन रस्ते फोडत फिरतो. मागे लोखंडी पहारी बाहेर आलेल्या, त्यावर दोन माणसं बसलेली, दिव्याच्या जागी दिव्याची आठवण. तिकडे सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या हंगामात ट्रॉल्यांना चमकत्या पट्ट्या चिकटवण्याच्या मोहिमा तरी निघतात. आमच्या ट्रॅक्टरवर ऊस नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणाला गोडी नाही.

आणि हेही नाही की आपल्याला यंत्र नीट न्यायला येत नाही. आमच्या सोसायटीत हिरवळ म्हणून जी काही वस्तू आहे ती कापायला महिन्यातून एकदा गवत कापायचं यंत्र येतं. दोन माणसांनी उचलावं एवढं. ते टेम्पोतून येतं, खाली जुनी गादी, वरून गोणपाट, चारही बाजूंनी सुतळी. जावई सासरी यावा तसं ते उतरवून घेतात. का? कारण ते माळ्याचं स्वतःचं आहे, आणि मोडलं तर त्याचंच मोडतं.

कंत्राटदारांची बाजू मी ऐकलेली आहे. ट्रेलर वेळेवर मिळत नाही, शहरात अवजड वाहनांना वेळेची बंधनं, भाडं परवडत नाही. यातलं वेळेचं खरं आहे. परवडण्याचं मात्र मला पटत नाही. मोठ्या सरकारी कामांत यंत्रं-माणसं जागेवर आणण्यासाठी म्हणून कंत्राटदाराला आगाऊ रक्कम घ्यायची सोय असते. तिला मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स असं भारदस्त नाव आहे. म्हणजे ने-आण हा कामाचाच भाग आहे हे कागदाला मान्य आहे. रस्त्यावर उतरतं तेव्हा त्या भारदस्त नावाचे पंधरा टायर होतात.

छोट्या कामांत खरी मेख आहे तासांच्या भाड्यात. जेसीबी तासावर मिळतो. खोदेल तेवढ्या तासांचे पैसे. रस्त्यात जातो त्या वेळावरून मात्र प्रत्येक ठिकाणी घासाघीस. तेव्हा चालकानं खिळ घालायला थांबावं तरी का? बिचारा जतकडचा एक पोरगा मला म्हणाला होता, "काका, रोडवरचा टाइम कुणीच धरत नाय. मालक म्हणतो लवकर पोच, तिकडला म्हणतो उशीर केलास." रात्री तो त्या केबिनमध्येच पाय बाहेर काढून झोपतो.

गंमत पाहा. जेसीबी ही ज्यांच्या नावाची आद्याक्षरं, त्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली इंग्लंडात धंदा सुरू केला तो खोदयंत्रानं नव्हे. त्यांनी पहिली वस्तू बनवली ती ट्रेलर! युद्धातल्या भंगारातून बनवलेला, माल ओतायचा ट्रेलर. पंचेचाळीस पौंड आणि गिऱ्हाइकाची जुनी गाडी घेऊन विकला. आधी वाहून न्यायचं कसं ते शिकले, मग खोदायला लागले. १९७९ पासून ही यंत्रं आपल्याकडे हरियाणात बनू लागली. आम्ही हात तेवढा घेतला, ट्रेलर तिकडेच ठेवला.

आता ते रिक्षाच्या मीटरचं वाक्य. मावशींची गाडी पडली त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीनं गटार खोदायला जेसीबी बोलावला होता. मी तेव्हा कमिटीवर होतो. मालकानं दरपत्रकात 'येणे-जाणे' म्हणून वेगळी रक्कम लावली होती. ती पाहून मी लाल शाईनं, ठळक अक्षरात, 'मान्य नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. सभेनं टाळ्या वाजवल्या. चिटणीस म्हणाले, असा काटेकोर माणूस कमिटीवर हवाच. यंत्र आलं, तासाचे पैसे घेऊन गेलं. कसं आलं आणि कसं गेलं ते मी पाहिलं नाही, कारण मान्यच नव्हतं.

म्हणून यंदाच्या सभेत मीच ठराव मांडला. यंत्राची ने-आण वेगळ्या ओळीत लिहायची आणि तिचे पैसे द्यायचे. पट्ट्यांचं असेल तर ट्रेलरवरच, रात्री, साखळ्या लावून. चाकांचं असेल तर फाटकातून सोडण्यापूर्वी खिळ आणि पट्टी आपल्या माणसानं पाहायची, आणि पुढच्या कामावरच्या माणसाचा 'पोचलं' असा फोन येईपर्यंत ते आपलंच समजायचं. खजिनदारांनी माझी जुनी लाल शाई सभेपुढे ठेवली. मी ती माझीच असल्याचं कबूल केलं. थोडा हशा झाला आणि ठराव दोन मतांनी मंजूर झाला.

गेल्या महिन्यात टाकीच्या कामासाठी पोकलेन आला. रात्री दीड वाजता, ट्रेलरवर, चार साखळ्या, लाल दिवे, पुढे हातात विजेरी घेतलेला माणूस. मी मुद्दाम गॅलरीत उभा राहून पाहत होतो. उतरताना त्याचा मागे येण्याचा भोंगा पंधरा मिनिटं वाजत होता. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या तक्रारवहीत 'अपरात्री झोपमोड' या सदराखाली सात तक्रारी होत्या. पहिलीच आमच्या घरून गेलेली. अक्षर माझं नव्हतं.