मांडणीवरचा माल आणि यंत्राचा डोळा

जळगावच्या दाणाबाजारात किंवा धुळ्याच्या पाचकंदील भागात वाण्याच्या दुकानी गिऱ्हाइकाने वस्तूचे नाव उच्चारावे आणि गड्याने मान वर न करता नेमक्या फळीवर हात घालावा, हे दृश्य नवे नाही. कोणता माल कोठे आहे, कोणता संपत आला आहे, पुड्यावरचे चित्र बदलले तरी आतला मसाला तोच आहे, हे सारे त्याच्या डोक्यात असते. या ज्ञानाचा वेगळा मोबदला त्याला कोणी दिला नाही. ते ज्ञान आहे हेच मुळी कोणी मानले नाही. स्वयंसेवा दुकाने आली तेव्हा माल शोधण्याचे काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडले. आता ते यंत्राकडे सोपविण्याची खटपट चालू आहे.

कॅमेरा मांडणीचे छायाचित्र घेतो, संगणक प्रत्येक वस्तूभोवती चौकट आखतो आणि साठविलेल्या चित्रांशी ती ताडून पाहतो. ऐकावयास हे सोपे वाटते. पण खेटून ठेवलेल्या शंभर आणि दोनशे ग्रॅमच्या पुड्यांतला भेद ओळखताना यंत्राची त्रेधा उडते. म्हणून संशोधकांनी २०१९ साली ११,७६२ छायाचित्रांचा एक संग्रह सिद्ध केला. एकेका छायाचित्रात सरासरी १४७ वस्तू, आणि एकूण चौकटी १७ लाखांहून अधिक. या चौकटी माणसांनी बसून आखल्या आहेत.

ही माणसे सहसा दिसत नाहीत. अमेझॉनने एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून रोखपालावाचून खरेदीची व्यवस्था काढून घेण्याचे ठरविले, तेव्हा भारतातील सुमारे हजार माणसे त्या दुकानांच्या चित्रफिती तपासत होती, अशी वार्ता प्रसिद्ध झाली. कंपनीने हे वर्णन नाकारले. मात्र माणसे चित्रफितींवर खुणा करतात व थोडी खरेदी पडताळतात, हे तिलाही मान्य करावे लागले. यंत्राच्या बुद्धीचे कौतुक सिअ‍ॅटलमध्ये झाले, डोळे शिणले ते इथले.

वास्तविक ही विद्या लोकोपयोगी होऊ शकते. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत १२० किराणा वस्तूंवर जे काम झाले, त्यामागे अंध माणसाला दुकानात हवी ती वस्तू स्वतः शोधता यावी, हा हेतू होता. पुढे भांडवल वळले ते मालकाच्या रिकाम्या फळ्या मोजण्याकडे. यंत्राला विरोध करणे हा कामगार चळवळीचा धर्म नव्हे. परंतु फळीवर रोखलेला कॅमेरा फळीपुढच्या माणसालाही टिपतो: तो किती वेळ थांबला, कोणाशी बोलला, केव्हा टेकला. दुकानातील कामगाराला बसावयास मिळावे म्हणून केरळला २०१८ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली, इतकी या धंद्याची रीत कठोर आहे. त्यातच २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, नोकरीच्या कामासाठी वा नुकसान टाळण्यासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा मालकाला आहे.

खानदेशात दुकान-कामगारांची संघटना दुबळी आहे, हे कबूल केले पाहिजे. तरीही कॅमेरे बसण्यापूर्वी बोलणी होणे शक्य आहे, बसल्यानंतर ती कठीण. मांडणीची चित्रे कामगाराच्या हजेरीशी वा पगारकपातीशी जोडली जाणार नाहीत, आणि यंत्राला माल ओळखावयास शिकविण्याचे काम ज्याच्याकडून घेतले जाईल त्याला त्याचे वेगळे वेतन मिळेल, एवढे दोन मुद्दे लेखी करारात आणण्याची मागणी जळगाव व धुळ्याच्या कार्यकर्त्यांनी आताच पुढे मांडावी.