परवाना लॅब्राडॉरचा, चावा मोत्याचा

अंदाजपत्रकाचे दिवस आले की महापालिकांना कुत्री आठवतात. पाणीपट्टीला हात लावला तर मोर्चा येतो, घरपट्टीला लावला तर निवडणूक जाते. कुत्र्याच्या परवान्याचं शुल्क वाढवलं तर फार तर कुत्रं भुंकेल. मुंबई सोडून राज्यातल्या बाकी महापालिका ज्या १९४९ च्या कायद्यावर चालतात, त्यात कुत्र्यांवर कर बसवण्याची सोय पहिल्यापासून आहे. सोय आहे, वसुलीच्या नावाने बोंब आहे.

असं का, हे अर्ज घेऊन खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं की कळतं. पत्त्याचा पुरावा, रेबीजच्या लशीचा दाखला, शिवाय कुत्र्याचा फोटो, आणि फोटोच्या वेळी ते नेमकं मान फिरवतं. एवढं सगळं जुळवून जो येतो, त्याच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतोच, लसही वेळेवर टोचलेली असते. जो घरच्या घरी पिल्लांचा धंदा करतो, किंवा हौस फिटल्यावर कुत्रं रात्री बायपासला सोडून येतो, तो या खिडकीकडे फिरकतही नाही. तेव्हा शुल्क शंभर करा की हजार, भरणार तोच, ज्याच्यापासून शहराला मुळात त्रास नव्हता.

ब्रिटनने हा प्रयोग पुरता करून पाहिला आहे. तिथे १८७८ मध्ये परवान्याला साडेसात शिलिंग ठरले आणि शंभर वर्षं कुणी त्याला हात लावला नाही. नवं चलन आलं तेव्हा त्याचे साडेसदतीस पेन्स झाले. गोळा होणाऱ्या पैशापेक्षा गोळा करण्याचा खर्च जास्त, आणि जवळपास निम्म्या मालकांनी परवाना घेतलेलाच नाही, अशी अवस्था आल्यावर १९८७ मध्ये सरकारने तो गुंडाळला. आपल्याकडे असा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून परवाना टिकून आहे.

पण पैशाने काहीच होत नाही असंही नाही. १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्रं मारणाऱ्याला आठ आणे लावले. नगावर पैसे म्हटल्यावर शिपाई मोकाट आणि पाळीव असा भेद कशाला करतील? घरची कुत्रीही उचलली जाऊ लागली. कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकानं बंद झाली, दंगल झाली. पैसा ज्या कामावर लावाल ते काम होतं. सरकारने तो चुकीच्या कामावर लावला होता.

मग आज तो कशावर लावावा? २०२३ च्या केंद्रीय नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी पालिकेवर टाकली आहे आणि पाळीव कुत्र्यांची मालकावर. रस्त्यावरच्या मोत्याचं निर्बीजीकरण झालं की त्याच्या कानाला खाच पाडतात. त्याची पावती कानावरच असते, लांबून दिसते. सोसायटीतल्या रॉकीचं झालंय का, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. त्याची नकोशी पिल्लं काही महिन्यांनी गेटबाहेर दिसतात आणि पालिकेच्या खात्यावर ‘भटकी’ म्हणून जमा होतात. त्यांना पकडायचं, शस्त्रक्रिया करायची आणि सोडून यायचं, हा खर्च मग ज्याच्या घरात मांजरही नाही अशा करदात्याच्या माथी.

तेव्हा सरसकट दरवाढीचा प्रस्ताव स्थायी समितीने परत पाठवावा आणि दोन दर ठेवावेत. निर्बीजीकरणाचा दाखला आणणाऱ्याला परवाना जवळजवळ फुकट, न आणणाऱ्याला तो खिसा चाचपायला लावेल इतका महाग. पिल्लं विकणाऱ्याकडे परवान्याचा नंबर नसेल तर विक्रीच बेकायदा धरून दंड करावा. आणि जमा झालेला प्रत्येक रुपया कुत्र्यांच्याच खात्यात राहील, रस्त्याच्या डांबरात जाणार नाही, एवढं लेखी द्यावं. हे जमणार नसेल, तर शुल्क आहे तेवढंच राहू द्या.