एटीएमसुद्धा वाजवून घ्या!

कसबा पेठेतल्या तांबट आळीत हंडा घ्यायला गेलात, तर बरोबरची आजी तो आधी बोटाने वाजवून बघणार. आवाज बद्द आला की लगेच, 'दुसरा दाखवा!' तिची नातवंडं मात्र महिन्याचा अख्खा पगार ज्या मशीनच्या भरवशावर ठेवतात, तिच्याकडे धड बघतही नाहीत. कानाला मोबाइल, बाहेर डबल पार्क केलेली बाइक... कार्ड सरकवलं, पिन दाबला, नोटा खिशात, चला!

स्किमिंगवाले याच घाईवर जगतात, मंडळी.

चोरी दोन तुकड्यांत

त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात. पहिली, कार्डामागच्या काळ्या पट्टीतली माहिती. कार्ड टाकायच्या फटीवर तस्साच दिसणारा नकली तुकडा बसवला की ती कॉपी होते. दुसरी, तुमचा पिन. त्यासाठी कीपॅडच्या वर चिमुकला कॅमेरा नाहीतर कीपॅडवरच दुसरं कीपॅड. २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका एटीएममध्ये तर धुराचा अलार्म वाटावा असं यंत्र छताला लावलं होतं! त्या टोळीतला एक परदेशी मुंबईत पैसे काढताना पकडला गेला.

पट्टीचा बंदोबस्त करायचा तो बँकेने. चिपच्या कार्डात प्रत्येक व्यवहाराला नवा कोड तयार होतो, त्यामुळे जुना चोरून उपयोग नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत पट्टीवाली कार्डं बदलायला सांगितली, आणि मार्च २०१९ पर्यंत मशीनमध्ये अँटी-स्किमिंग यंत्रणा बसवायला. पण पट्टी पुष्कळ चिप कार्डांवरही राहिली. आणि पिन? तो सांभाळणं तुमच्याच हातात. अक्षरशः!

बँकच गंडली तर?

कसब्यातून नदी ओलांडून गणेशखिंड रस्त्याला लागलं की कॉसमॉस बँकेचं मुख्यालय. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी हॅकर्सनी तिच्या सिस्टिमसमोर खोटी सिस्टिम उभी केली. कुणी क्लोन केलेलं कार्ड घातलं की ही बोगस यंत्रणा म्हणणार, 'द्या पैसे!' दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी गेले, भारतातून अडीच कोटी. त्यात कोल्हापूरचीही मशीन्स होती. सोमवारी आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर! पुण्याच्या कोर्टाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं.

इथे कुणी कीपॅडवर हात धरून काही उपयोग नव्हता. पण तो खड्डा बँकेला पडला, खातेदारांचे पैसे सुरक्षित असल्याचं बँकेने तेव्हाच सांगितलं. एटीएममधल्या स्किमिंगमध्ये मात्र पहिला झटका तुमच्याच बॅलन्सला बसतो. म्हणून पुढचं नीट वाचा.

मेसेज आला, घड्याळ सुरू!

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेलं गणित असं: चूक ना तुमची ना बँकेची, भलत्यानेच हात मारला, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कळवलंत की तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ दिवस लावलेत, तर साध्या सेव्हिंग्ज खात्याला १०,००० रुपयांपर्यंतची झळ. त्याहून उशीर झाला की सगळं बँकेच्या धोरणावर. आणि पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्याच माथी. तेव्हा 'वीकेंडनंतर बघू' हे वाक्य बंद!

एवढं कराच

● कार्ड घालण्याआधी फट आणि कीपॅड हलवून बघा. काही सैल, चिकटवलेलं, उचललेलं वाटलं तर सरळ बाहेर या. फटीवरचा फुगीर तुकडा बँकेचाच असू शकतो. शेजारी दुसरं मशीन असेल तर ताडून बघा.
● पिन दाबताना दुसऱ्या हाताचं छप्पर. दुकानात एकटे असलात तरी!
● परदेशी व्यवहार अॅपमधून बंद ठेवा, पैसे काढायची मर्यादा कमी करा.
● एसएमएस अलर्ट चालू हवा, आणि बँकेकडे आत्ताचाच मोबाइल नंबर हवा.
● गडबड दिसली की आधी कार्ड ब्लॉक, मग बँकेत तक्रार आणि तिचा नंबर लिहून घेणं, लगोलग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना दहा सेकंद लागतात. डबल पार्क केलेली बाइक तेवढा वेळ नक्की थांबेल.